वरचं दूध, पण मोजून

"पोट भरत नाही त्याचं, वरचं सुरू करा" हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत बहुधा दिवेलागणीला ऐकू येतं. दिवसभर बरं असलेलं पोर संध्याकाळी किरकिरायला लागतं. अंगावर घेतलं की दोन मिनिटं ओढतं, सोडून देतं, परत रडतं. आजीला वाटतं दूध आटलं. आईला तर ते आधीपासूनच वाटत असतं. रात्री बाळाचा बाप मेडिकलमधून पावडरीचा खोका घेऊन येतो आणि त्यावर काय छापलंय ते न वाचताच पहिली बाटली तयार होते.

मी सरकारी रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. वॉर्डात आम्ही वरच्या दुधाविरुद्धच बोलायचो, आणि ते बरोबरच आहे. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध हीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि त्यापुढे वरच्या अन्नाबरोबर २ वर्षं किंवा जास्त. पण घरी गेल्यावर काही जणींना अधूनमधून वरचं लागतंच. त्यांना ते नीट कसं द्यायचं हे सांगायला कोणी तयार नसतं, कारण सांगितलं म्हणजे उत्तेजन दिल्यासारखं होतं. मग त्या शेजारणीकडून शिकतात. आणि मी पाहिलंय ते असं, की बाळाला त्रास होतो तो बहुतेक वेळा पावडरीपेक्षा अंदाजपंचे कारभाराने: पाणी अंदाजे, पावडर अंदाजे, किती वेळा दिलं तेही अंदाजे.

सध्या आमच्याच घरात हे चालू आहे. माझी भाची कराडजवळ एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. तिच्या कायम नोकरीतल्या मैत्रिणींना २६ आठवड्यांची रजा. ही बाळ ३ महिन्यांचं झालं तशी कामावर हजर. येण्याजाण्याचा एसटीचा वेळ धरून ती ५ तास बाहेर असते. त्या ५ तासांचं गणित आम्ही कसं बसवलं, त्या निमित्ताने हे सगळं लिहितेय.

आधी हे बघा: खरंच लागतंय का

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरत नाही. लघवीवरून आणि वजनावरून ठरतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळाने २४ तासांत निदान ६ वेळा चांगली, फिकट रंगाची लघवी करायला हवी. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, ते ठीक. १० टक्क्यांच्या वर उतरलं तर ठीक नाही. दोन आठवड्यांपर्यंत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं, आणि त्यापुढे पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढायला हवं. हे अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट कळतं. वजन करताना दर वेळी तोच काटा आणि बाळ उघडं. टोपी-मोजे-दुपट्ट्यासकट केलेलं वजन कार्डावर लिहू देऊ नका.

संध्याकाळी बाळ तासातासाला अंगावर येतं, स्तन आधीसारखे दगड होत नाहीत, पंपाला जेमतेम ३० मिली निघतं, अंगावर पाजल्यावरही बाटली दिली तर बाळ ती ओढतं: या चारपैकी कशानेही दूध कमी आहे असं सिद्ध होत नाही. बाटलीचं बूच तोंडात गेलं की चोखणं ही त्या वयाच्या पोराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. भूक असो नसो, ते चोखणारच. स्तन मऊ पडतात कारण महिन्या-दीड महिन्यात शरीराला मागणीचा अंदाज आलेला असतो. आणि "दूध पातळ आहे" हे म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं: पाजायला घेतल्या घेतल्या येणारं दूध पातळच असतं, शेवटचं दाट. बाळाला एक बाजू पूर्ण संपवू द्या.

वजन खरंच वाढत नसेल तर आधी बाळाची पकड कोणाकडून तरी बघून घ्या. निप्पल तोंडात आहे पण भोवतालचं काळं वर्तुळ बाहेरच, अशी पकड असेल तर बाळ तासभर ओढून उपाशी राहतं आणि आईला भेगा पडतात. पकड सुधारली की निम्म्या बायकांचा खोका तिथेच वाचतो. रक्तातली साखर उतरलेलं बाळ, फार उतरलेलं वजन, आईला चालू असलेलं एखादं औषध, जुळी मुलं, आईचं ऑपरेशन किंवा माझ्या भाचीसारखी नोकरी: ही वरचं दूध लागण्याची खरी कारणं आहेत. ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. विशेषतः कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात नाही. अशा बाळांसाठी काही रुग्णालयांत मातृदुग्ध पेढीचं दूध मिळू शकतं, तेही विचारा. आशियातली पहिली अशी पेढी आपल्या मुंबईतच, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

पावडरीच्या आधी स्वतःचं

वरचं द्यायचं म्हणजे पावडरच द्यायची असं नाही. पहिला मान आईच्या काढून ठेवलेल्या दुधाचा, तेवढ्याने भागलं नाही तर उरलेल्या भागापुरती पावडर.

हिशोब सोपा आहे. १ ते ६ महिन्यांचं, अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध घेतं, म्हणजे आई जितके तास नाही त्या प्रत्येक तासाला २५ ते ३० मिली. ५ तासांचे झाले १२५ ते १५०. भाची सकाळी बाळाला पाजल्यावर दुसऱ्या बाजूचं काढते, ते ८०-९० मिली भरतं. राहिले ६०. म्हणजे पावडरीचे २ स्कूप. सुरुवातीला घरात "३ महिन्यांचं बाळ, डब्यावर तर इतके इतके स्कूप लिहिलेत" असा आग्रह झाला होता. डब्यावरचा तक्ता पूर्णपणे पावडरीवर असलेल्या बाळाचा असतो. अंगावर पिणाऱ्याला तो लावायचा नाही.

दूध हाताने काढता येतं, पंप लागतोच असं नाही. हात धुवा. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटं स्तनावर ठेवा, बोटांनी हलक्या हाताने चोळा. मग अंगठा काळ्या वर्तुळाच्या वरच्या कडेशी आणि पहिली दोन बोटं खालच्या कडेशी. आधी सरळ मागे, छातीच्या दिशेने दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबायची, सोडायचं. दाबा, सोडा. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत आणि निप्पल पिळायचं तर नाहीच, त्याने दूध येत नाही, दुखतं फक्त. पहिला मिनिटभर थेंब थेंबच येईल आणि "काही नाही येत" म्हणून सोडून द्यावंसं वाटेल. सोडू नका; पान्हा फुटला की धारा लागतात. एका जागचं कमी झालं की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी थोडी फिरवून पुढची जागा.

काढलेलं दूध रुंद तोंडाच्या, उकळून घेतलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात, वर वेळ लिहिलेली चिठ्ठी. खोलीत ४ तास टिकतं म्हणतात, पण तो आकडा २५ अंशांपर्यंतचा आहे. आपल्याकडे मार्च लागला की कुठल्या खोलीत २५ अंश असतात? काढलं की सरळ फ्रीजमध्ये, आतल्या बाजूला. दारात नको, दार उघडझाप होतं. फ्रीजमधल्या दुधाला आपल्याकडे २४ तासांची मुदत सांगतात, परदेशी तक्त्यांत ४ दिवसही दिसतात. ज्या गावात वीज तासन्‌तास जाते तिथे २४च धरा. फ्रीजमधल्या दुधावर साय वर आणि खाली निळसर पाणी असे दोन थर दिसतात. ते नासलेलं नसतं. भांडं हलकं गोल फिरवलं की एक होतं. गरम करताना गॅसवर ठेवू नका, मायक्रोवेव्ह तर नकोच. गरम पाण्याच्या वाडग्यात भांडं ठेवून कोमट करा.

आणि काढलेलं दूध व पावडरीचं दूध एकत्र ओतू नका. आधी आईचं सगळं पाजा, मग पावडरीचं. एकत्र केलेलं बाळाने अर्धं टाकलं तर त्यात आईची सकाळची मेहनत जाते. पाण्याऐवजी आईच्या दुधात पावडर कालवणं तर पूर्ण चूक.

खोका आणताना

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला १ नंबरचा, म्हणजे जन्मापासूनचा फॉर्म्युला. महागड्या खोक्याने बाळ हुशार होत नाही. १ नंबरच्या सगळ्या पावडरींना सरकारी निकष पाळावेच लागतात. सोया किंवा "स्पेशल" लिहिलेली पावडर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. २ वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची जाहिरात करायला, मोफत नमुने वाटायला त्यात बंदी आहे. म्हणून या खोक्यांवर गुटगुटीत बाळाचा फोटो दिसत नाही आणि आईचं दूध सर्वोत्तम अशी सूचना छापावी लागते. तुम्हाला कोणी "सॅम्पल आहे, ठेवा" म्हणून खोका देत असेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये.

आकार लहान घ्या. दिवसाला २ स्कूप म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ४०० ग्रॅमचा खोका ४० दिवसांच्या वर पुरेल, पण एकदा फोडलेली पावडर महिन्याभरात संपवायची असते, काही खोक्यांवर त्याहून कमी मुदत दिलेली असते. म्हणजे थोडी टाकावीच लागणार. ती टाकायची, "एवढी महाग पावडर" म्हणून पुढे ओढायची नाही. फोडल्याची तारीख मार्करने खोक्यावरच लिहा. आतली पिशवी क्लिप लावून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको, तिथे ओल धरते. स्कूप त्याच खोक्याचा वापरायचा. जुन्या कंपनीचा स्कूप नव्या पावडरीत गेला की माप चुकलं.

बनवायचं कसं

इथे मी हट्टी आहे, वॉर्डात होते तशीच.

पावडर निर्जंतुक नसते. फोडलेली नसली तरी तिच्यात क्वचित जंतू असू शकतात, आणि २ महिन्यांच्या आतल्या, कमी दिवसांच्या बाळाला ते जिवावर बेतू शकतात. म्हणून पाणी कोमट नाही, गरम हवं. जागतिक आरोग्य संघटना ७० अंशांच्या खाली नको म्हणते. लिटरभर पाणी खळखळून उकळून झाकून ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आत ते तेवढं गरम असतं. पेलाभर पाणी मात्र बघता बघता निवतं. आपल्याकडच्या काही खोक्यांवर "उकळून कोमट केलेल्या पाण्यात" असं छापलेलं दिसेल, कारण त्यात घातलेले उपकारक जिवाणू गरम पाण्यात मरतात. बाळ लहान किंवा नाजूक असेल तर मी त्या जिवाणूंपेक्षा ७० अंश निवडीन. डॉक्टरांना विचारून तुम्ही ठरवा.

पाणी कुठलं? पालिकेचं नळाचं, गाळून उकळलेलं चालतं. आरओचं चालतं, तेही उकळूनच. बाटलीबंद पाणीही उकळायचं, सील होतं म्हणून ते निर्जंतुक झालं असं नाही. बोअरचं मात्र जपून. उसाच्या पट्ट्यात शेतांना खतं मोप पडतात, आणि बोअरच्या पाण्यात नायट्रेट असू शकतं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. जास्त नायट्रेटने लहान बाळ निळं पडू शकतं. आमच्याकडे अंगणात बोअर असूनही बाळाचं पाणी नळाचंच आहे.

भांडी आधी साबणाने आणि ब्रशने, मग पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात १० मिनिटं उकळायची. भांड्याच्या आत हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढी जागा उकळतच नाही, म्हणून बाटली आडवी करून भरून बुडवा. बाहेर काढून फडक्याने पुसायची नाहीत, स्वच्छ जाळीवर उपडी घालून निथळू द्यायची.

मग हात धुवून बसा. पाणी आधी, पावडर नंतर. बहुतेक भारतीय खोक्यांत ३० मिली पाण्याला १ सपाट स्कूप असतो, पण स्वतःच्या खोक्यावर वाचूनच खात्री करा. ६० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी ओतून बाटली डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा. वरून वाकून पाहिलं की ५ मिलीचा फरक सहज पडतो. स्कूप पावडरीत बुडवून काढला की वर डोंगर येतो. तो चमच्याने चेपायचा नाही, डब्यावर ठोकायचाही नाही. सुरीच्या पाठीने, किंवा खोक्यातच कड असते तिच्यावरून, एकदाच सपाट ओढायचा. चेपलेल्या स्कूपमध्ये किती जास्त पावडर मावते ते बघायचं असेल तर एकदा दोन्ही वेगवेगळ्या वाट्यांत ओतून बघा, आजी-आजोबांना पटवायला दुसरं काही लागत नाही. मोजताना "किती झाले" विसरलात तर अंदाजाने एक टाकू नका, ते ओतून पुन्हा करा.

पातळ करू नका. खोका पुरवायला म्हणून दोन स्कूपचं पाणी एका स्कूपला घातलं तर बाळाचं पोट पाण्याने भरतं, वजन थांबतं, रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. दाटही करू नका. "अंगाला लागेल" म्हणून वाढवलेला एक स्कूप मूत्रपिंडांवर ताण आणतो आणि शी कडक करतो. साखर, मध, बिस्किट, काहीही त्यात नाही.

झाकण लावून हलवा, मग बाटली थंड पाण्याच्या पातेल्यात झाकणाच्या खालपर्यंत बुडवून निववा. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाका: ऊन लागलं तर अजून थांबा, जेमतेम जाणवलं तर ठीक. बनवलं की लगेच पाजायचं. दोन तासांत न दिलेलं ओतून द्यायचं आणि बाळाच्या तोंडाला लागून उरलेलं तर तासाभरात संपवायचं, नाहीतर ओतायचं. परत फ्रीजमध्ये नाही. म्हणूनच मी ६० बनवायला सांगते, ९० नाही. लागलं तर आणखी ३० बनवता येतं.

प्रवासाला निघताना बनवलेलं दूध बरोबर नेऊ नका. उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये, मोजलेली पावडर कोरड्या डबीत. पाजायच्या वेळी एकत्र करायचं.

बाटली की बोंडलं

आमच्या घरात चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं, आहे, आजेसासूबाईंच्या वेळचं. बारशाला आलेल्या स्टीलच्या बोंडल्यानेही तेच काम होतं. वाटी-चमचाही चालतो. अधूनमधून, थोडंसं द्यायचं असेल तर बाटली टाळलेलीच बरी. स्तनातून दूध ओढायला कष्ट पडतात, बाटलीतून ते आयतं गळतं; पहिल्या महिन्यात बाटलीची सवय लागली तर काही पोरं अंगावर आल्यावर रुसतात. म्हणून कारण तातडीचं नसेल तर अंगावरचं पिणं बसेपर्यंत, साधारण महिनाभर, बाटली नकोच.

बोंडल्याने पाजताना बाळ जागं हवं आणि जवळजवळ बसतं धरलेलं हवं. चोच खालच्या ओठावर, कोपऱ्याकडे टेकवायची आणि दूध ओठाला लागेल इतकंच वाकवायचं. बाळ जिभेने ओढतं, गिळतं, थांबतं. घशात ओतायचं नाही, ठसका लागतो. आणि धुताना बोंडल्याची चोच उजेडाकडे धरून आरपार बघा. आत वाळलेल्या दुधाची पांढरी रेष राहते, ती साध्या घासणीने जात नाही. बारीक ब्रश घाला, मग उकळा.

बाटली दिलीच तर सर्वात हळू बूच घ्या. बाळ उभट धरा आणि बाटली आडवी, बूच भरेल इतकीच तिरकी. पाच-सहा घोटांनंतर बाटली खाली करून दम घेऊ द्या. १० मिनिटांच्या आत सगळं रिकामं होत असेल तर वेग जास्त आहे. बाळाने तोंड फिरवलं की संपलं. तळाला उरलेले २० मिली घशात घालून कोणाचं भलं झालेलं नाही. बाटली उशीला टेकवून बाळ एकटं ठेवून जायचं नाही. शेवटी खांद्यावर घेऊन ढेकर.

पहिल्यांदा वरचं आईने न दिलेलं बरं. बाळाला आईचा वास येत असतो, ते दुसरं कशाला घेईल? आमच्याकडे पहिले काही दिवस आजोबांनी दिलं, भाची तेवढ्या वेळापुरती शेजारी जाऊन बसायची.

एकाचं चार होऊ नये म्हणून

दूध मागणीवर तयार होतं. बाळ ओढेल तेवढं उद्या बनेल. ओढलं नाही तर शरीर समजतं की नको आहे. दुपारी पावडर दिली आणि त्या वेळचं दूध काढलं नाही, तर आठवड्याभरात दुपारचं दूध कमी होतं. मग संध्याकाळी कमी पडतं, मग संध्याकाळचीही बाटली सुरू होते. "माझं दूध आपोआप गेलं" असं सांगणाऱ्या बऱ्याच बायकांची गोष्ट अशीच घडलेली असते.

त्यामुळे नियम एकच: जितक्या वेळा वरचं, तितक्या वेळा काढायचं. भाची दुपारच्या सुट्टीत महाविद्यालयातल्या मुलींच्या खोलीत दाराला कडी लावून दहा-पंधरा मिनिटं काढते. निघालेलं थंड ठेवून घरी आणण्यासारखं असेल तर दुसऱ्या दिवशीचं होतं, नसेल तर गेलं, पण शरीराला निरोप पोचतो. घरी आल्या आल्या पहिलं काम पाजणं, चहा नंतर. सुट्टीच्या दिवशी पावडर बंद, सगळं अंगावर.

घरी असताना वरचं द्यावं लागत असेल तर आधी दोन्ही बाजूंना पाजून मगच. आणि रात्रीची वेळ शक्यतो पावडरीला देऊ नका. "रात्री डब्याचं दिलं की झोपतं" म्हणून लोक नेमकं तेच करतात. पण दूध बनवणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं, रात्रीचं पाजणं पुढच्या दिवसाचं दूध राखतं. आई तापाने फणफणलीय किंवा झोपेअभावी रडकुंडीला आलीय, अशा रात्री मात्र मी स्वतः सांगीन की एक वेळ दुसऱ्या कोणाला देऊ दे आणि तू झोप. तेवढ्याने दूध जात नाही.

वजन वाढत नाही म्हणून सुरू केलेलं वरचं कमी करायचं असेल तर एकदम तोडू नका. दर काही दिवसांनी एका वेळचे ३० मिली कमी करा, लघवी मोजा, आठवड्याने वजन करा. काटा वर जात असेल तर पुढचे ३०. हे सगळं एका वहीत: वेळ, अंगावर की वरचं, किती मिली, लघवी-शी. वही असली की घरातले वाद निम्मे होतात.

पहिल्या आठवड्यात काय दिसेल

अंगावरच्या दुधाची शी पिवळी, सैल, मोहरीसारखे दाणे असलेली. पावडर सुरू झाली की ती घट्ट, थोडी हिरवट-तपकिरी होते आणि वास येतो. घाबरायचं कारण नाही. पावडर पचायला वेळ लागतो म्हणून त्यानंतर बाळ जरा जास्त झोपतं. "बघ, आता पोट भरलं" हा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

शीमध्ये रक्त किंवा खूप शेंबूड, अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, प्रत्येक वेळी मोठी उलटी दिसली तर पावडर थांबवून डॉक्टर. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. हिरवी उलटी, टाळू खोल जाणं, ६-८ तास लघवी नाही, बाळ उठवून उठत नाही, श्वास घ्यायला त्रास, किंवा ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप असेल तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टरांनी दिलेले असतात, ते चालूच ठेवायचे. दोन स्कूप पावडरीने ती गरज भागत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद तीन-चार गोष्टींवर होतो. पाणी: ६ महिन्यांच्या आत उन्हाळ्यातसुद्धा वेगळं पाणी नको, आईच्या दुधात आणि नीट बनवलेल्या पावडरीत ते आहेच. मध: वर्षाच्या आत चाटवायचाही नाही. गाईचं किंवा शेळीचं दूध पाणी घालून: वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नाही, त्यात लोह कमी आणि क्षार जास्त. गुटी: सहाण, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ हे सगळं मी लहानपणापासून पाहिलंय आणि त्यामागची माया मला कळते. तरी ६ महिन्यांच्या आत नकोच, कारण जायफळ-वेखंडाचे किती वळसे पोटात गेले याचं माप कोणाकडे नसतं, आणि सहाण कोणी १० मिनिटं उकळत नाही. भाचीच्या सासूबाईंनी शेवटी गुटीची डबी बाळाच्या टाळूला तेल लावायच्या वाटीशेजारी ठेवलीय, वापरत नाहीत. तेवढ्यावर आमचं जमलंय.

६ महिने झाले की दुपारच्या वेळेला नाचणीचं सत्त्व, मऊ वरण-भात, कुस्करलेलं केळं येतं आणि पावडर मागे पडते. अंगावरचं चालूच राहतं. तोवर खोका संपत आला असेल तर दुसरा आणण्याआधी वही उघडून बघा, कदाचित लागणारही नाही. आणि वर्षानंतर तर पेल्यातलं साधं दूध चालतं, ३ आणि ४ नंबरचे डबे दुकानातच राहू द्या.